बाज बाहेर कोण काढणार?

पत्र :

ताई,

माझं वय २८. गाव उमरगा तालुक्यात. आठ वर्षांपासून पुण्यात असतो, सिनेमाच्या एडिटिंगमध्ये असिस्टंट आहे. यंदा फाल्गुनात अण्णा, म्हणजे वडील, गेले. सातबाऱ्यावर वारस लावायचे म्हणून कागदपत्रं शोधत होतो, तेव्हा आईच्या ट्रंकेत अगदी तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. आत भूकंपग्रस्ताचा दाखला होता. नाव आईचं, पण नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव सगळं वेगळं. सोबत जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो. आई, एक अनोळखी माणूस आणि आईच्या मांडीवर फ्रॉक घातलेली मुलगी, तीनेक वर्षांची. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आईचं आधीचं घर भूकंपात गेलं. लेकरूबी गेलं. तिला इचारू नको." पुढं एक शब्द नाही.

आता एकेक आठवतंय. दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री आई घरात झोपत नाही, अंगणात झोपते. लहानपणी मला वाटायचं, गणपती बोळवले की असंच करायचं असतं. (बाज अण्णाच बाहेर काढून द्यायचे.) आमचं गाव त्या भूकंपात वाचलं होतं, भिंतींना तडे गेले तेवढेच. घर अजून पत्र्याचं आहे. मध्ये उसाचा बरा पैसा आला, गल्लीत सगळ्यांचे स्लॅब पडले, अण्णांनी टाकला नाही. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघायचो. मी त्यांना तोंडावर कंजूष म्हणालोय.

पुण्याला परत आलो आणि दोन महिन्यांत पटकथा लिहून काढली. बाप गेल्यावर गावी परतलेला मुलगा, घरात दडलेलं गुपित, संथ चालीचा सिनेमा. शेवटी आई जुन्या गावठाणात जाऊन सात मिनिटं सलग बोलते आणि सगळं उलगडतं. एक निर्माता तयार आहे, दिवाळीनंतर शूटिंग लावू म्हणतो. संथपणा मात्र त्याला पटत नाही, गुपित मध्यंतरालाच फोडा म्हणतो. आईला यातलं काहीच माहीत नाही. नावं-गावं बदलून केला तर चालेल का? तिला सांगितलं आणि ती नको म्हणाली तर? आणि मला २८ वर्षं सगळ्यांनी अंधारात ठेवलं, तो राग कुठं ठेवू?

– परतलेला

उत्तर :

'ताई' म्हणालास, म्हणून मी 'तू'च म्हणते.

अण्णांना जाऊन अजून सहा महिनेही झाले नाहीत. त्यात हे समोर आलं. तुझ्या पोटात काय कालवाकालव झाली असेल ते तुझ्या घाईवरून कळतं. दोन महिन्यांत पटकथा, दिवाळीनंतर शूटिंग. तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते, मग बाकीचं बोलू. आईला न सांगता हा सिनेमा करू नकोस. नावं बदलून नको, गाव बदलून नको, अगदी जिल्हा बदलूनही नको.

नावं बदलायची कोणासाठी? पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तुझ्या आईचं खरं नाव तसंही माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखतील. उमरगा, लोहारा, औसा, निलंगा या पट्ट्यात असा सिनेमा निघाला तर तो थेटरात यायच्या आधी मोबाइलवर फिरेल. गल्लीतली एखादी बाई फोन घेऊन तुझ्या दारात येईल, "बघा की, तुमच्या पोरानं काढलंय." तिच्या मनात वाईट काही नसेल, कौतुकच असेल. पण तीस-बत्तीस वर्षं तुझ्या आईनं जे घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, ते तिला तेव्हा अंगणात, चारचौघींत, पाच इंची पडद्यावर बघावं लागेल. तोंड फिरवायलासुद्धा जागा नसेल. तुझ्या हातून हे व्हावं असं तुलाही वाटत नाही. वाटत असतं तर तू मला पत्र लिहिलंच नसतंस.

हे सदर वाचणाऱ्या तरुण मुलामुलींना १९९३ ची ती रात्र ऐकूनही माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला आली होती. गणपती बोळवून लोक रात्री उशिरा घरी आले आणि दमून झोपले. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आदल्या वर्षीपासून तिथं लहान-लहान धक्के बसत होते, पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, त्याची लोकांना सवय होऊन गेली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची मिळून ५२ गावं जवळजवळ जमीनदोस्त झाली. ८ ते १० हजार माणसं गेली. त्यांना मारलं ते घरांनी. दोन-तीन फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचं माळवद. पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबवायला माळवदावर नवी माती टाकायची, असं करत करत ते पिढ्यान्‌पिढ्या जाड होत गेलेलं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं झोपेतल्या लेकराबाळांवर आलं.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. घरावर स्लॅब पडला नाही हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. आई एका रात्रीपुरती अंगणात झोपते हे तू गूढ म्हणून लिहिलंस. आणि बाज अण्णा काढून द्यायचे हे तर कंसात टाकलंस. माझ्या लेखी तुझ्या सगळ्या पत्रात त्या कंसातल्या ओळीएवढी मोठी ओळ दुसरी नाही.

त्या भूकंपानंतर कितीतरी घरांवरचं माळवद उतरवून लोकांनी पत्रे घातले. डोक्यावर वजन नको, एवढं एकच सगळ्यांच्या मनात होतं. पुढं पैसा आला, भीती निवली, तसे स्लॅब पडले. तुझ्या अण्णांनी टाकला नाही. माझा अंदाज चुकीचा असेल, खरंच त्यांना पैशाची अडचण असेल, नाहीतर विहिरीचं कर्ज असेल. पण आत्याला एवढं विचारून बघ : आपल्या घरावर पत्रे कधी चढले? आई लग्न होऊन आली त्याच्या आधी की नंतर? ते कोणी चढवायला लावले? हे विचारलं म्हणून आत्या तुला गप्प बसवणार नाही. घराच्या पत्र्याबद्दल विचारण्यात कोणाचं काय उघडं पडतंय?

आणि उत्तर मला वाटतं तेच निघालं, तर पोरा, जरा थांब. गल्लीनं नावं ठेवली, पोटच्या मुलानं कंजूष म्हटलं, तरी त्या माणसानं तोंड उघडलं नाही. कारण सांगायचं तर बायकोची ती रात्र तुझ्यापुढं मांडावी लागली असती. ती त्यांनी मांडली नाही, स्वतःच्या नावाला बट्टा लागू दिला. तू आईचं गुपित शोधायला बसलास आणि ते सांभाळणारा माणूस तुझ्या पटकथेत पहिल्याच पानावर मेलेला आहे.

मी त्या वर्षी कॉलेजात नुकती शिकवायला लागले होते. विद्यार्थ्यांबरोबर मदतीला म्हणून औशाकडून आत गेलो. पाऊस लागलेला. मातीचा नुसता राडा झाला होता, त्यात दगड, भांडी, गणपतीच्या मखरांचे रंगीत कागद. एका जागी एक बाई कळशी घेऊन बसली होती. तिच्या मागं घर नव्हतं, फक्त उंबरठा होता आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना ढिगारा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत होती, "पाणी पिता का?" आम्ही प्यायलो. तिनं तांब्या परत घेतला, पदरानं पुसला, पुन्हा कळशीवर पालथा घातला. तिचं कोण गेलं हे आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मला अजूनही तिचा चेहरा आठवत नाही, तो पुसलेला तांब्या आठवतो.

नंतरची दोन वर्षं अधूनमधून पत्र्याच्या शेडांवर जाणं होत होतं. तिथं लग्नं लागलेली मी पाहिली आहेत. बँड नाही, वरात नाही. मारुतीच्या देवळापुढं दोन्हीकडची चार-चार माणसं, एक भटजी, गुळ-शेंगदाणे. एकाची बायको गेलेली, एकीचा नवरा गेलेला, कधी दोघांचीही लेकरं गेलेली. म्हाताऱ्या माणसांनी बसून जुळवलेली ती लग्नं होती आणि त्यात एक बोली असायची : मागचं काढायचं नाही. तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. माणसांना रडू तरी द्या, असं मी एका आजोबांना म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "बाई, रडून झालंय. आता चूल पेटवायची हाय." मी गप्प बसले. आज वाटतं, त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही. चूल पेटली, संसार उभे राहिले, तुझ्यासारखी मुलं जन्माला आली. पण जे काढायचं नाही म्हणून ठरलं ते कुठं जाणार? ते ट्रंकेत गेलं, आणि वर्षातून एका रात्री अंगणात आलं.

तुझ्या अण्णांचं ते पहिलं लग्न होतं का? तू लिहिलं नाहीस. तुला माहीत असेलच असं नाही. त्यांच्याही मागं काही असेल तर त्या घरात दोन माणसं एकमेकांचं सांभाळून जगत होती, एवढं ध्यानात ठेव.

आता तुझा राग. तो खोटा नाही आणि तो गिळ असं मी सांगणार नाही. घरातल्या प्रत्येकाला जे ठाऊक आहे तेच आपल्याला ठाऊक नव्हतं, हे कळलं की माणसाला आपण त्या घरचे पाहुणेच होतो असं वाटायला लागतं. आत्याला माहीत, चुलत्यांना माहीत, किराणा दुकानदाराला माहीत, तुझे केस कापणाऱ्याला माहीत. गावात गुपित म्हणजे काय असतं, तर एका कोणाला सांगायचं नाही एवढंच ठरलेलं असतं. तुझ्या घरी तो एक तू होतास. पण मला वाटतं, त्यात तुला परकं धरण्याचा भाग नव्हता. भूकंप झाला, सगळं गेलं, आणि त्या सगळ्याचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही असं एक माणूस त्या घरात आलं, ते तू. तुझ्यापुढं आई फक्त आई होती, 'ती बिचारी' नव्हती. ही एकच जागा तिच्याकडं होती. ती तिनं राखली.

तरी तुझा वाटा उरतोच. गुपित तिचं आहे, पण ती मुलगी तुझी बहीण होती. तुझ्या जन्माआधी गेलेली, पण बहीणच. तिच्यासाठी तुला रडू आलं तर ते उसनं रडू नाही. पत्रात तू तिचं नाव लिहिलं नाहीस, बहुतेक तुला ते माहीतच नाही. दाखल्यावर तिचं नाव असणार नाही. ते फक्त तुझ्या आईजवळ आहे.

सिनेमाबद्दल विचारलंस, तर तिथंही बोलते. बरीच वर्षं मी मुलांकडून नाटकं बसवून घेतली आहेत, सिनेमेही मन लावून बघते.

निर्माता म्हणतो मध्यंतराला फोडा, तू म्हणतोस शेवटी. दोघांनाही ते फोडायचंच आहे. माझं म्हणणं, प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांतच कळू दे. मुलाला मात्र कळू देऊ नकोस. मग बघ काय होतं ते. मुलगा जेवताना बापाला कंजूष म्हणतो, बाप ताटातली भाकरी मोडायची थांबतो, आई पातेल्यावरचं झाकण उगाच काढून पुन्हा ठेवते. पडद्यावर यापलीकडं काही घडत नाही, पण बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. संथ सिनेमा पेलतो तो असा. बघणाऱ्याच्या हातात काहीच दिलं नाही आणि नुसती लांबच लांब दृश्यं ठेवली, तर तो निर्माता म्हणतो ते खरं आहे, माणूस कंटाळेल. संथपणा आणि रेंगाळणं यांत फरक आहे, आणि एडिटिंगच्या टेबलावर बसणाऱ्याला तो मी काय सांगावा.

ती सात मिनिटं काढून टाक. तुझ्या आईला सलग सात मिनिटं स्वतःबद्दल बोलताना तू कधी ऐकलंस? आपल्याकडच्या बाया अशा बोलत नाहीत. ज्वारी निवडताना, तुझ्याकडं पाठ करून, एक वाक्य येतं. मग "ते सूप दे इकडं." मग दोन दिवस काही नाही. मग कधीतरी भाकरी थापता-थापता दुसरं वाक्य, आणि त्याच्यावर लगेच थापटीचा आवाज. जुन्या गावठाणात पडक्या भिंतींपुढं उभी राहून मोकळं बोलणारी बाई ही शहरातल्या माणसाला हवी असलेली बाई आहे. तिच्या तोंडी पुणेरी वाक्यं घालून वर 'व्हय' आणि 'न्हाय' पेरलेलं असतं, ते तर ऐकवत नाही. उमरग्याकडची बोली तुझ्या जिभेवर आहे, ती लिही.

घराचंही तेच. शूटिंगवाले लोक आले की त्यांना दगडी वाडा हवा असतो. लाकडी खांब, कोनाडे, भिंतीवरून सरकणारं ऊन. तुझ्या गोष्टीत दगडी भिंत दिसली की ती भीती दाखवायला हवी, गोडवा नाही. पुनर्वसित गावं बघ. सरळ आखलेले रुंद रस्ते, एकसारखी घरं, गल्ली-बोळ नाहीत, पारावर बसायची जुनी सवय कुठं न्यावी हे म्हाताऱ्यांना कळायला कित्येक वर्षं गेली. आणि जुन्या गावठाणात बाभळी माजलेल्या. 'घरी परतणं' म्हणजे तिथल्या माणसासाठी यातल्या कोणत्या गावात परतणं? तुझ्या आईचं माहेर, पहिलं सासर, तुझं गाव, यांतलं कोणतं घर तिचं? सिनेमात परतणारा फक्त मुलगाच का असावा?

तुला आणखी एक गोष्ट फुकट मिळालेली आहे आणि तू ती वापरली नाहीस. पत्र्यावर पाऊस आला की घरातलं बोलणं थांबतं. ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून सगळे गप्प बसतात आणि वर बघतात. तू अशाच घरात वाढलास. एखादं वाक्य आईच्या ओठांवर आलंय आणि वरून सर कोसळली. पाऊस थांबेपर्यंत तिची हिंमत ओसरलेली. तुझा आवाजवाला कुरकुर करेल, करू दे.

दिवाळीनंतरचं शूटिंग तर सोडूनच दे, आणि हे निर्मात्याला समजेल अशा भाषेत सांगता येईल. तुझी गोष्ट भादव्यातली आहे. तेव्हा सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं, आभाळ दिवसातून चारदा रंग बदलतं, ढोल वाजत असतात. दिवाळीपर्यंत सोयाबीन मोंढ्यात गेलेलं असतं, रानं हरभऱ्यासाठी नांगरलेली. भादवा दिवाळीनंतर उभा करता येत नाही. एक वर्ष थांबायचं हे कारण त्याला दे. खरं कारण, आईचं, त्याला देऊ नकोस. आणि ट्रंकेतल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून त्याला पाठवला असशील, किंवा 'सत्य घटनेवर आधारित' असं काही त्याच्या कानावर घातलं असशील, तर ते आजच आवर. त्याला फोन कर आणि स्पष्ट सांग की हे माझ्या घरचं आहे, मी सांगेपर्यंत कुठंही बोलायचं नाही.

मग गावी जा. चार दिवसांसाठी नको, पंधरा दिवस काढ. यंदा तुमच्या घरी सण नाही. महालक्ष्म्या बसणार नाहीत, गणपती नाही. आई घरात एकटी असेल आणि गल्लीत आरत्या चालू असतील. त्या दिवसांत तू तिथं असणं हेच मोठं काम आहे. कॅमेरा नेऊ नकोस. आणि फोन खिशात ठेवून गुपचूप रेकॉर्डिंग तर मुळीच नको. तुझ्या धंद्यात ही सवय असते म्हणून मुद्दाम सांगते. आईचं ते पहिलं वाक्य कदाचित आयुष्यात एकदाच येईल, ते तुझ्या कानांनी ऐक.

पिशवी सापडल्याचं तिला सांगायचं, पण सापळा लावल्यासारखं नको. 'आई, तुला मला काही सांगायचंय का?' असलं काही विचारू नकोस, त्यात पोलीस ठाण्याचा वास येतो. सरळ कबूल कर. वारसाच्या कागदांसाठी ट्रंक उघडली, खालची पिशवी दिसली, फोटो बघितला, होती तशी परत ठेवली. आत्यानं दोन वाक्यं सांगितली. एवढंच बोल आणि थांब. ती म्हणेल, "झालं ते झालं, आता कशाला उकरायलास?" कदाचित रागावेल, उठून जाईल, दोन दिवस बोलणार नाही. तू तिथंच राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेव. तिच्या रागाला तुझ्या रागानं उत्तर देऊ नकोस, त्यासाठी तू माझ्याकडं लिहू शकतोस.

सिनेमाचा विषय त्याच बसणीत काढू नकोस. तो वेगळ्या दिवशी, वेगळा. नाहीतर तिला वाटेल, हा माझ्याजवळ बसला तो गोष्टीसाठी बसला. आणि सिनेमा म्हणजे काय ते तिला नीट सांग. किती लोक बघतील, गावातले बघतील, तिच्या पहिल्या सासरचं कोणी हयात असेल तर तेही बघतील, त्यांचंही त्यात काही आहे. हे सगळं कळून ती हो म्हणाली तर हो. तुझं मन राखायला म्हणाली असेल तर ते तुला कळेल, तू तिचा मुलगा आहेस. तो होकार धरू नकोस.

नको म्हणाली तर नको. तुला हे जड जाईल हे मला माहीत आहे. एवढ्या कष्टानं लिहिलेली पानं बाजूला ठेवायची म्हणजे हात कापतात. पण तुझ्या वाट्याची एक गोष्ट तुझ्याजवळ आहेच आणि ती करायला कोणाची परवानगी लागत नाही. पत्र्याखाली वाढलेला एक मुलगा, बापाला कंजूष म्हणणारा, आणि बाप गेल्यावर ज्याला कळतं की आपल्याला त्या माणसातलं काहीच कळलं नव्हतं. पत्रे का होते हे त्या सिनेमात कोणी कधी सांगत नाही. बघणाऱ्यांतल्या ज्यांना कळायचं त्यांना कळेल. उमरग्यापासून औशापर्यंत तर पत्र्याकडं बघूनच कळेल.

एक काळजीचं सांगून ठेवते. इतकी वर्षं दाबलेलं वर आलं की माणसाची झोप जाते, जेवण तुटतं, कधी छातीत धडधडतं. त्यात तिचा नवरा नुकताच गेलाय. आठ-पंधरा दिवसांत ते ओसरलं नाही, किंवा ती 'मी कशाला राहिले' असं बोलायला लागली, तर तिला डॉक्टरांकडं ने, उशीर करू नकोस. टेलिमानस म्हणून सरकारी मोफत फोन आहे, १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं. तो तुझ्यासाठीही आहे. बाप गेल्याचं दुःख तू अजून केलेलंच नाहीस, सरळ कागदावर जाऊन बसलास.

राहिली अनंत चतुर्दशी. अण्णांशिवायची ही तिची पहिली. त्या दिवशी तू घरी असायलाच हवंस, बाकी काही जमलं नाही तरी. तोवर बोलणं झालेलं असो वा नसो. मिरवणूक गल्लीतून पुढं गेली, ढोल लांब गेले, की तिला उठायला लावू नकोस. बाज तू बाहेर काढ. अण्णा ती कुठं टाकायचे ते तुला आठवत असेल, भिंतीपासून लांब, तिथंच टाक. वर वाकळ अंथर, उशाला पाण्याचा तांब्या ठेव. भादव्यातला पाऊस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मेणकापड हाताशी असू दे. काही बोलू नकोस. ती बोलली तर ऐक, आणि तिनंच विषय काढला तर त्या मुलीचं नाव विचार. फाल्गुनापासून बाजेकडं कोणी बघितलं नसेल. सुंभ सैल पडलं असेल तर आदल्या दिवशीच ओढून घे.